‘उत्तरार्ध रेंगाळतो’ : सामान्य प्रेक्षकाचे मत आणि चित्रपटसमीक्षा

प्रस्तावना

चित्रपटगृहातून बाहेर पडणारा प्रेक्षक पायऱ्या उतरता उतरताच आपले मत देऊन मोकळा होतो. ‘भारी होता’, ‘पैसे वसूल’, ‘पहिला भाग चांगला, दुसरा रेंगाळतो’, ‘शेवट तसा नको होता’ अशी ही मते असतात. ती चहाच्या टपरीवर, एस. टी. बसमध्ये, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर आणि घरी जेवताना दिली-घेतली जातात. दूरचित्रवाणी मालिकांच्या बाबतीत तर हा व्यवहार रोजचाच आहे. या मतांना कोणी समीक्षा म्हणत नाही. देणाऱ्यालाही ती समीक्षा वाटत नाही. मराठी समीक्षेने कवितेवर, कादंबरीवर आणि नाटकावर जेवढा विचार केला त्याच्या मानाने चित्रपटावर कमी केला आणि चित्रपटाविषयी लोक काय बोलतात यावर तर त्याहूनही कमी केला. ‘लोकप्रिय’ हा शब्द आपल्याकडे बराच काळ दूषण म्हणूनच वापरला गेला.

प्रस्तुत लेखात अशा सहज मतांचा विचार समीक्षेची एक प्राथमिक अवस्था म्हणून केला आहे. त्यासाठी ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आणि ‘सैराट’ (२०१६) हे दोन मराठी चित्रपट प्रामुख्याने घेतले असून ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचा ओझरता संदर्भ घेतला आहे. या तीनही कृतींविषयीची मते महाराष्ट्रात इतक्या वेळा उच्चारली गेली आहेत की त्यांना सामूहिक मताचे रूप आले आहे. सामान्य प्रेक्षकाचे मत हे त्याच्या अनुभवाचे बहुधा खरे निवेदन असते, परंतु त्या अनुभवाचे कारण मात्र ते सांगत नाही. हे कारण शोधणे हे समीक्षेचे काम आहे, अशी या लेखाची भूमिका आहे.

१. मताची परंपरा : ‘चेलदान’ ते ‘दौलतजादा’

प्रेक्षकाच्या उत्स्फूर्त प्रतिक्रियेची शास्त्रीय दखल घेण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या ‘सिद्धी’ची, म्हणजे यशस्वितेची चर्चा आहे. मानुषी आणि दैवी असे सिद्धीचे दोन प्रकार तेथे मानले आहेत. मानुषी सिद्धी वाणीतून आणि शरीरातून प्रकट होते. स्मित, अर्धहास्य, मोठ्याने हसणे, ‘साधु’, ‘अहो’ असे उद्गार, करुण प्रसंगी ‘कष्टम्’ असा हळहळीचा शब्द या वाणीच्या खुणा होत. अंगावर रोमांच येणे, आसनावरून उठणे, अंगावरचे वस्त्र नटाकडे फेकणे (चेलदान) या शरीराच्या खुणा होत. दैवी सिद्धी मात्र वेगळीच आहे. प्रेक्षागृह पूर्ण भरलेले आहे, परंतु आवाज नाही, गडबड नाही, काही उत्पात नाही, अशी अवस्था म्हणजे दैवी सिद्धी होय.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे भरताने हसण्याला आणि ओरडण्यालाही प्रयोगाच्या मूल्यमापनात स्थान दिले. दुसरी म्हणजे आदर्श प्रेक्षकाच्या गुणांची लांबलचक यादी दिल्यावर हे सगळे गुण एकाच माणसात आढळत नाहीत, हेही त्याने मान्य केले. तरुणांना शृंगार आवडतो, शूरांना वीर आणि रौद्र, वृद्धांना धर्माख्याने व पुराणे. म्हणजे ज्याची जशी प्रकृती तशी त्याची आवड, हे त्याने गृहीतच धरले आहे. नंतरच्या काव्यशास्त्रात, विशेषतः अभिनवगुप्ताच्या विवेचनात, ‘सहृदय’ ही कल्पना मध्यवर्ती झाली. ती अधिक सूक्ष्म आहे यात शंका नाही. परंतु सहृदयाची पात्रता जसजशी वाढत गेली तसतसा भरताच्या प्रेक्षागृहातला ‘अहो’ म्हणणारा साधा माणूस शास्त्राच्या कक्षेबाहेर गेला.

प्रत्यक्ष मराठी रंगभूमीवर मात्र तो कायमच हजर होता. संगीत नाटकातल्या पदाला मिळणारा ‘वन्समोअर’ हे त्याचेच मत होते आणि ते प्रयोगाची लांबी ठरवत असे. तमाशातील दौलतजादा हे तर चेलदानाचेच देशी रूप म्हणता येईल. फरक इतकाच, की वस्त्राच्या जागी नाणी आणि नोटा आल्या. चित्रपटगृहातील शिट्टी आणि पडद्याच्या दिशेने उधळलेली चिल्लर ही याच परंपरेतील आहे. नट तेथे नाही, उधळलेले पैसे त्याला मिळणार नाहीत, हे उधळणाऱ्याला पक्के माहीत असते. तरीही तो उधळतो, कारण त्याला आपले मत जाहीर करायचे असते.

२. मताची परिभाषा

सहज मतांना परिभाषा नसते, असा एक समज आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. मराठी प्रेक्षक वापरतो ते शब्द नीट ऐकले, तर त्यांत मूल्यमापनाचे निरनिराळे निकष दडलेले दिसतात.

‘पैसे वसूल’ हा शब्दप्रयोग व्यवहारातून आला आहे. तिकिटाचे पैसे, प्रवास, मोडलेला दिवस यांच्या तराजूत करमणूक तोलली जाते. ज्याला दोन-तीनशे रुपयांचे तिकीट परवडण्याचा विचार करावा लागतो त्याच्या तोंडी हा निकष स्वाभाविक आहे. तो अरसिकतेचे लक्षण नव्हे. ‘टाइमपास’ या शब्दात वेळ सुसह्य होणे एवढीच अपेक्षा आहे. तो शब्द स्तुती आणि निंदा या दोहोंच्या मधल्या जागेत उभा असतो. ‘पाणी घालून वाढवले आहे’ हा मालिकांविषयीचा शेरा स्वयंपाकघरातून आला. आमटीत पाणी वाढवले की ती जास्त माणसांना पुरते, पण चव उतरते. कथानकाचा आशय आणि विस्तार यांच्या प्रमाणाविषयीचे हे विधान कोणत्याही पाठ्यपुस्तकातील वाक्याइतकेच नेमके आहे. ‘अंगावर काटा आला’ हा तर भरताने सांगितलेला रोमांचच होय.

यांत ‘काम’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘त्याने काम काय केले आहे!’ असे मराठी प्रेक्षक म्हणतो. अभिनय हा शब्द त्याच्या तोंडी क्वचितच येतो. ‘नाटकात काम करणे’ या जुन्या प्रयोगापासून आलेल्या या शब्दात अभिनय हे कष्टाचे, कसबाचे कृत्य आहे अशी जाण आहे. सुताराचे, गवंड्याचे असते तसे नटाचेही काम असते आणि ते चांगले किंवा वाईट उतरते. पात्र दुष्ट असले तरी नटाचे काम चांगले असू शकते, हा विवेक त्यातून व्यक्त होतो. व्यक्तिरेखा आणि नट यांतील हे अंतर समीक्षेत आपण पुष्कळ शब्द खर्चून समजावून सांगतो. सामान्य प्रेक्षकाकडे ते एका शब्दात आधीच असते.

ही परिभाषा तोकडी आहे, हे मान्य केले पाहिजे. दिग्दर्शन, संकलन, ध्वनी, छायाचित्रण यांविषयी तिच्याजवळ फारसे शब्द नाहीत. परंतु या घटकांचा परिणाम तिच्या कक्षेबाहेर नसतो. तो ‘रेंगाळतो’, ‘खिळवून ठेवतो’, ‘मधेच सुटतो’ अशा क्रियापदांत शिरलेला असतो.

३. ‘कितीही वेळा पाहिला तरी’ : ‘अशी ही बनवाबनवी’

सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ मध्ये प्रदर्शित झाला. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन, सिद्धार्थ रे, अश्विनी भावे, सुप्रिया पिळगांवकर, निवेदिता जोशी-सराफ, प्रिया बेर्डे, सुधीर जोशी, नयनतारा आदींच्या त्यात भूमिका आहेत. पटकथा-संवाद वसंत सबनीस यांचे आहेत. या चित्रपटाविषयीचे सामूहिक मत दोन वाक्यांत सांगता येते : ‘कितीही वेळा पाहिला तरी कंटाळा येत नाही’ आणि ‘असा अस्सल मराठी विनोद आता होत नाही’. १९८८ नंतर जन्मलेली मुलेही ही वाक्ये तितक्याच खात्रीने उच्चारतात, कारण त्यांनी हा चित्रपट दूरचित्रवाणीवर पुनःपुन्हा पाहिला आहे. त्यातील संवाद आता चित्रपटाबाहेर पडून रोजच्या बोलण्यात वावरतात. सत्तर रुपये आणि मधुमेहाचे औषध एवढा उल्लेख केला, तरी ऐकणाऱ्याला सबंध प्रसंग आठवतो.

पहिल्या मताचा विचार करू. विनोद अनपेक्षिततेवर अवलंबून असेल, तर विसाव्या वेळी तो संपायला हवा. तो संपत नाही, याचा अर्थ येथे आनंदाचे कारण वेगळे असले पाहिजे. हा चित्रपट प्रहसनाच्या घडणीचा आहे. पुण्यात घर मिळत नाही. घरमालकीण लीलाबाई काळभोर फक्त विवाहित जोडप्यांना जागा देणार. म्हणून चौघांपैकी दोघे स्त्रीवेष घेतात. या पहिल्या लबाडीतून पुढची लबाडी आणि तिच्यातून डोहाळजेवणापर्यंतचा प्रवास अपरिहार्यपणे होतो. पात्रांना पुढे काय होणार ते ठाऊक नाही आणि प्रेक्षकाला ते पाठ आहे. पाठ असल्यामुळे त्याची मौज कमी न होता वाढते. कीर्तनातले आख्यान किंवा तमाशातली गौळण श्रोत्याला आधीच माहीत असते, तरी तो ती ऐकायला जातो. ‘बनवाबनवी’च्या पुनःपुन्हा पाहण्याचे स्वरूप याच जातीचे आहे. नवे काही कळावे म्हणून ते पाहिले जात नाही. ओळखीचे पुन्हा भेटावे आणि ते चारचौघांत भेटावे, ही त्यामागची प्रेरणा आहे. संवाद नटाच्या आधी म्हणणारा प्रेक्षक प्रयोगात सामील झालेला असतो.

दुसरे मत अधिक गुंतागुंतीचे आहे. ‘अस्सल मराठी’ म्हणून गौरवल्या जाणाऱ्या या चित्रपटाचे कथासूत्र मराठी नाही. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटाशी त्याचे नाते आहे आणि ते सूत्र मुळात बंगालीतून आलेले आहे. मग प्रेक्षकाचे मत चुकीचे म्हणायचे काय? कथेच्या उगमापुरते ते चुकीचेच आहे. परंतु प्रेक्षक कथेच्या उगमाविषयी बोलत नसून भाषेविषयी बोलत असतो. वसंत सबनीस हे ‘विच्छा माझी पुरी करा’ या गाजलेल्या लोकनाट्याचे लेखक होते. बतावणीतील सवाल-जबाबाची झटापट, एका शब्दाचा दुसऱ्याच अर्थाने केलेला वापर, गंभीर चेहऱ्याने मारलेली थाप हे सारे वगनाट्याचे धन त्यांनी पुण्याच्या घरमालकांच्या दिवाणखान्यात आणून ठेवले. ‘अस्सल’ आहे ते हे. प्रेक्षकाला कारण सांगता आले नाही, पण त्याच्या कानाने जे टिपले ते बरोबर होते.

या मताने काय झाकले जाते तेही पाहिले पाहिजे. ‘निखळ विनोद’ या शब्दामुळे चित्रपटाच्या मुळाशी असलेला जागेचा प्रश्न दिसेनासा होतो. शिकायला आणि पोट भरायला शहरात आलेल्या अविवाहित तरुणांना घर मिळू नये, आणि विवाह हीच प्रतिष्ठेची पावती असावी, ही परिस्थिती हसण्याआड राहते. तीच गोष्ट स्त्रीवेषाची. मराठी रंगभूमीला पुरुषाने केलेल्या स्त्रीभूमिकेची थोर परंपरा आहे. बालगंधर्वांच्या प्रयोगात प्रेक्षक नटाचे पुरुषपण विसरत असे आणि त्या विसरण्यातच कलेचे यश होते. येथे नेमके उलटे आहे. पार्वती आणि सुधा यांचे पुरुषपण प्रेक्षक क्षणभरही विसरला तर विनोदच उरणार नाही. तेव्हा हसू येते ते नेमके कशाचे, लबाडीच्या फजितीचे की बाईपणाच्या नकलेचे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. माझ्या मते चित्रपटात दोन्ही आहे आणि पहिल्याचे पारडे जड आहे. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पार्वतीची तारांबळ ही बाईची नसून सापडण्याच्या भीतीने घाबरलेल्या गड्याची आहे. परंतु ‘निखळ’ म्हणून विषय संपवला की हे पारडे कधी तोललेच जात नाही.

‘आता असे होत नाही’ या उद्गारात गतकाळाविषयीची हुरहुरही आहे. सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे दोघेही २००४ मध्ये गेले. वसंत सबनीस, सुधीर जोशी, नयनतारा हेही आज नाहीत. चाहत्याच्या मतात चित्रपटाविषयीचे प्रेम आणि गेलेल्या माणसांविषयीची, आपल्याच सरलेल्या दिवसांविषयीची आठवण अशी मिसळलेली असते की ती वेगळी काढता येत नाही. समीक्षकाने तिची चेष्टा करू नये. मात्र तिला चित्रपटाचा गुणही समजू नये.

४. ‘उत्तरार्ध रेंगाळतो’ : ‘सैराट’

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे आधीचे सर्व विक्रम त्याने मागे टाकले. मंजुळे यांच्या आधीच्या ‘फँड्री’ची समीक्षकांनी भरभरून प्रशंसा केली होती, परंतु त्याचा प्रेक्षकवर्ग तुलनेने लहान होता. ‘सैराट’ने मात्र एरवी मराठी चित्रपट न पाहणाऱ्यांनाही चित्रपटगृहात आणले. गाण्यावर प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचले. आर्ची आणि परशा ही नावे घरोघरी झाली. त्याच वेळी एक मत सर्वत्र ऐकू येऊ लागले : ‘पहिला भाग जबरदस्त, दुसरा रेंगाळतो.’

हे मत अनुभवाच्या पातळीवर अचूक आहे. जवळपास तीन तासांच्या या चित्रपटाचा पूर्वार्ध करमाळ्याच्या परिसरात घडतो. विहीर, ऊस, नदी, क्रिकेटचा सामना, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची, मंदगतीने टिपलेली दृश्ये आणि अजय-अतुल यांचे भव्य वाद्यवृंदाचे संगीत यांनी तो भरलेला आहे. गाण्यांचा सारा भर याच भागात आहे. उत्तरार्धात गाणे थांबते. हैदराबादची झोपडपट्टी, पत्र्याची खोली, अनोळखी भाषा, शौचालयाची दुर्गंधी, बाटल्यांच्या कारखान्यातील काम, संशय, भांडण, पुन्हा समेट असे सारे सपाट उजेडात आणि रोजच्या वेगाने दिसू लागते. पूर्वार्धाने प्रेक्षकाला लोकप्रिय चित्रपटाच्या वेगाची सवय लावली आणि उत्तरार्धाने ती सवय काढून घेतली. ‘रेंगाळतो’ हे क्रियापद या काढून घेण्याची नोंद आहे.

प्रश्न असा, की हा दोष आहे काय? तो दोष नसून चित्रपटाचा कणा आहे, असे मला वाटते. आजवरचे बहुसंख्य प्रेमपट नायक-नायिका पळून गेल्यावर किंवा लग्न झाल्यावर संपतात. ‘सैराट’ तेथून सुरू होतो. पळून गेल्यानंतर पाणी कोठून आणायचे, खोली कोण देणार, काम कोण लावणार, या प्रश्नांना गाणे नसते. वाड्यात वाढलेल्या आर्चीला ते जगणे जितके लांबलेले वाटते तितकेच ते प्रेक्षकालाही वाटावे, अशी ही रचना आहे. म्हणजे प्रेक्षकाला आलेला कंटाळा हा आर्चीच्या कंटाळ्याशी जोडलेला आहे. प्रेक्षकाने तक्रार केली ती खरी. पण तक्रारीचे कारण चित्रपटाच्या अपयशात नसून यशात आहे. ‘का बरे रेंगाळला असेल?’ एवढा एक प्रश्न विचारला, की हेच मत चित्रपटाच्या अंतर्रचनेपर्यंत पोहोचते.

शेवटाचा विचारही याच अंगाने करता येईल. माहेरचे लोक भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो आणि नंतर जे घडते ते प्रत्यक्ष दाखवले जात नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते आणि रक्ताने माखलेली पावले उमटवत निघून जाते. पडद्यावर ध्वनी नसतो. ज्या प्रेक्षागृहाने तासा-दोन तासांपूर्वी शिट्ट्या मारल्या, नाच केला, तेच आता निःशब्द होते. भरताच्या भाषेत बोलायचे तर एकाच चित्रपटाने पूर्वार्धात मानुषी सिद्धी आणि शेवटी दैवी सिद्धी मिळवली. किंबहुना पहिली नसती तर दुसरी इतक्या तीव्रतेने मिळाली नसती. नाचणाऱ्या प्रेक्षकाला ‘चित्रपट न कळलेला’ म्हणून हिणवणाऱ्या अभ्यासकांच्या ध्यानात ही गोष्ट आलेली दिसत नाही. तो नाचला म्हणूनच त्याची शांतता अर्थपूर्ण झाली.

शेवटाविषयीची मते मात्र एकसारखी नव्हती. ‘शेवट असा नको होता’ असे काहीजण म्हणाले, तर ‘शेवट असाच होतो’ असे काहीजण म्हणाले. दोन्ही वाक्ये तीन-चार शब्दांची आहेत. परंतु त्यांच्यामागे दोन वेगवेगळी आयुष्ये उभी आहेत. पहिल्या वाक्यात चित्रपटाकडून असलेली अपेक्षा बोलते. दुसऱ्यात चित्रपटाबाहेरची माहिती बोलते. २०१४ मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे एका दलित शाळकरी मुलाची प्रेमसंबंधाच्या संशयावरून हत्या झाली होती. ज्यांच्या मनात अशा घटना ताज्या होत्या त्यांना हा शेवट धक्का म्हणून नव्हे, तर ओळख म्हणून भेटला. ‘असल्या चित्रपटांमुळे मुले बिघडतात’ असे तिसरेही मत होते. त्यात खून करणाऱ्यांविषयी एक शब्दही नव्हता आणि प्रेम करणाऱ्यांविषयी मात्र पुष्कळ होते. मत कोणाचे आहे, तो कोठे उभा राहून बोलतो आहे, हे विचारल्याशिवाय मताचा अर्थ लागत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

५. खलपुरुषाचे चाहते : ‘रात्रीस खेळ चाले’

मालिकांच्या बाबतीत प्रेक्षकाच्या मताला आणखी एक सामर्थ्य मिळते. चित्रपट पूर्ण होऊन समोर येतो. मालिका चालू असतानाच तिच्याविषयी बोलले जाते आणि त्या बोलण्याचा तिच्या पुढील वाटचालीवर परिणाम होऊ शकतो. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा कोकणाची बदनामी आणि अंधश्रद्धेचा प्रसार या कारणांनी तिच्यावर कोकणातूनच आक्षेप घेतले गेले. पुढे २०१९ मध्ये दुसरे पर्व आले ते पूर्वेतिहास सांगणारे होते. पहिल्या पर्वात ज्यांच्या मृत्यूपासून कथा सुरू झाली ते अण्णा नाईक येथे जिवंत होते आणि मध्यवर्ती होते.

अण्णा हे जमिनी बळकावणारे, घरात दहशत घालणारे, क्रूर पात्र आहे. तरीही माधव अभ्यंकर यांच्या अण्णांना आणि अपूर्वा नेमळेकर यांच्या शेवंताला चाहते मिळाले. ‘काम काय केले आहे!’ हे वाक्य येथे दुहेरी होते. त्यात नटाच्या कसबाची दाद आहे. पण हळूहळू ती पात्राच्या रुबाबाची दादही होऊ लागते. अण्णांच्या बायकोचे मुकाट सोसणे पार्श्वभूमीला जाते आणि अण्णांची चाल, हसणे, दरारा यांचे अनुकरण होऊ लागते. ‘काम’ या शब्दातील ज्या विवेकाचा वर गौरव केला, तोच विवेक येथे निसटतो.

६. मताच्या मर्यादा आणि समीक्षकाच्या सवयी

सहज मताची मोठी मर्यादा त्याच्या अज्ञानात नाही. ती त्याच्या घाईत आहे. ‘डोके बाजूला ठेवून पाहा’, ‘एवढा विचार कशाला, करमणूक आहे’ ही वाक्ये चर्चा सुरू होण्याआधीच ती बंद करतात. चाहत्याचे मत जेव्हा आवडीची ढाल बनते तेव्हा ते अनुभवाचे निवेदन राहत नाही. आपल्या आवडत्या नटावर किंवा चित्रपटावर कोणी प्रश्न उपस्थित केला, तर तो आपल्यावरच आहे असे वाटू लागते. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या रसविघ्नांमध्ये स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणे हे एक विघ्न आहे. चाहतेपणाला ते फार जवळचे आहे.

परंतु अशीच घाई अभ्यासकांतही असते. डच अभ्यासिका येन आंग यांनी ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेविषयी एका महिला मासिकात छोटी जाहिरात देऊन प्रेक्षकांकडून पत्रे मागवली होती. त्यांना बेचाळीस पत्रे आली आणि त्यांवर आधारित त्यांचा अभ्यास १९८५ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यांचे एक निरीक्षण येथे महत्त्वाचे आहे. मालिका न आवडणारे आत्मविश्वासाने लिहीत होते, कारण ‘बाजारू, उथळ’ ही तयार भाषा त्यांच्या हाताशी होती. मालिका आवडणारे मात्र आवडीचे समर्थन करताना अडखळत होते. त्यांच्या आवडीला प्रतिष्ठित भाषाच नव्हती. म्हणजे निंदा करणाऱ्याचे मत अधिक विचारपूर्वक होते असे नव्हे. त्याला शब्द उसने मिळाले होते इतकेच. आपल्याकडील ‘सवंग’, ‘गल्लाभरू’, ‘अभिरुचिहीन’ हे शब्दही असेच उसने मिळतात. ते वापरले की कृती पाहण्याची गरजच उरत नाही. ‘पैसे वसूल’ म्हणणारा निदान चित्रपट पाहून तरी बोलतो.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

‘साहित्य आणि चित्रपट’ किंवा ‘माध्यमांतर’ हे अभ्यासघटक आता अनेक ठिकाणी शिकवले जातात. तेथे एक विसंगती नेहमी आढळते. वर्गाबाहेर ‘सैराट’विषयी अर्धा तास तावातावाने बोलणारी विद्यार्थिनी प्रकल्पात मात्र ‘प्रस्तुत चित्रपटातून दिग्दर्शकाने सामाजिक वास्तवाचे प्रभावी चित्रण केले आहे’ असे वाक्य लिहून थांबते. हे वाक्य कोणत्याही चित्रपटाला लागू पडते. म्हणून ते कोणत्याच चित्रपटाविषयी नसते. ‘मॅडम, दुसऱ्या भागात कंटाळा आला’ हे तिचे तोंडी वाक्य त्याहून किती तरी मोलाचे होते. लिहिताना ते तिने गाळले, कारण ते ‘अभ्यासाचे’ नाही असे तिला कोणीतरी, बहुधा आपणच, शिकवले आहे.

या ठिकाणी भाषाशिक्षकाची जबाबदारी येते. विद्यार्थ्याचे मत पुसून त्या जागी प्रमाण वाक्य ठेवणे सोपे असते. अवघड आहे ते त्याच मताला प्रश्न विचारत पुढे नेणे. कंटाळा नेमका कोठे आला? त्या आधी पडद्यावर काय होते आणि नंतर काय नव्हते? तो कंटाळा पात्रालाही आला होता का? तुझ्या शेजारी बसलेल्यालाही आला का, आणि नसेल तर का नाही? या चार प्रश्नांत रचना, तंत्र, व्यक्तिरेखा आणि प्रेक्षकाचे सामाजिक स्थान हे समीक्षेचे चारही विषय येतात. येथे परिभाषा मागाहून येते आणि म्हणून ती समजते. ग्रामीण भागातून आलेल्या, घरात पुस्तके नसलेल्या, पण चित्रपट आणि मालिका भरपूर पाहिलेल्या विद्यार्थ्याजवळ हेच एक मोठे भांडवल असते. तेच आपण वर्गाच्या दाराबाहेर ठेवायला लावले, तर त्याच्या हाती मार्गदर्शकांतील तयार वाक्यांशिवाय काही उरणार नाही.

निष्कर्ष

१. प्रेक्षकाच्या उत्स्फूर्त प्रतिक्रियेला नाट्यशास्त्रात स्थान होते. ‘वन्समोअर’, दौलतजादा, शिट्टी आणि पायऱ्यांवरचे मत ही त्या प्रतिक्रियेची पुढची रूपे आहेत.

२. ‘पैसे वसूल’, ‘पाणी घालणे’, ‘काम’, ‘रेंगाळणे’ या शब्दांत मूल्यमापनाचे निकष आहेत. मराठी चित्रपटसमीक्षेने परिभाषा घडवताना त्यांची दखल घ्यावी.

३. सहज मत हे अनुभवाचे निवेदन म्हणून बहुधा विश्वसनीय असते, कारणमीमांसा म्हणून अपुरे असते. ‘बनवाबनवी’ची ‘अस्सलता’ आणि ‘सैराट’चे ‘रेंगाळणे’ ही दोन्ही मते याची उदाहरणे होत.

४. मताचा अर्थ मत देणाऱ्याच्या सामाजिक स्थानापासून वेगळा करता येत नाही.

५. चाहत्याची ढाल आणि समीक्षकाचे उसने शब्द हे दोन्ही कृतीकडे पाहण्याच्या आड येतात.

६. विद्यार्थ्याचे सहज मत ही समीक्षालेखनाची सुरुवात मानून अध्यापन केले, तर त्याला स्वतःच्या भाषेत विचार करता येईल. ‘आवडला’ आणि ‘नाही आवडला’ या दोन शब्दांपुढे ‘कारण’ हा तिसरा शब्द लिहायला शिकवणे, एवढेच समीक्षेच्या अध्यापनाचे पहिले काम आहे.